किती पोपट करणार?

महाराष्ट्रातल्या निम्म्या लोकांनी निर्मल हे नाव फक्त खड्ड्यांच्या संदर्भात ऐकलेलं असतं. ‘कल्याण-निर्मल महामार्गाची चाळण’ असा मथळा वर्षाआड यायचाच. या रस्त्याचा नंबर तेव्हा २२२ होता, आता ६१ आहे; नंबर बदलला की खड्डे बुजतात अशी सरकारी श्रद्धा असावी. माळशेज घाट, नगर, परभणी, नांदेड, भोकर, भैंसा असं करत हा रस्ता तेलंगणात शिरायचा आणि निर्मलला येऊन संपायचा. संपायचा तिथे नेमकं काय आहे, हे विचारण्याइतकं त्राण प्रवाशात उरत नसे, म्हणून सांगतो. तिथे जुना किल्ला आहे, लाकडी खेळणी आहेत आणि आमचे साडू आहेत.

खेळणी जगप्रसिद्ध आहेत. साडू व्हायच्या मार्गावर आहेत, कारण त्यांच्या अंगणात एक कॉन्टेसा उभी आहे आणि तिची बॉडी ते घरीच नवी करतायत.

आता कॉन्टेसा म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगायला हवं. अमेरिकेत मसल कार नावाचा प्रकार असतो. १९६४ साली पॉन्टिअॅक कंपनीनं मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं दांडगं इंजिन कोंबलं, तिला जीटीओ म्हटलं, आणि पोरं वेडी झाली. शरीर बेताचं आणि इंजिन राक्षसी, ही त्या गाड्यांची मूळ पाककृती. आपण ती उलटी वाचली. हिंदुस्तान मोटर्सनं इंग्लंडमधल्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं रुंद खांद्यांचं, लांब नाकाचं धूड उचललं. इंग्रजांनी ते १९७८ मध्येच बंद केलं होतं. १९८४ पासून कॉन्टेसा या नावानं उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ते बाहेर पडू लागलं, आणि आत इंजिन बसवलं ते अॅम्बेसेडरचं, दीड लिटरचं, जेमतेम पन्नासेक घोड्यांचं. अंगानं पैलवान आणि आवाज बालवाडीच्या बाईंचा, असा तो मामला होता. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा कुठे पैलवानाला कंठ फुटला. तरीही आपल्याकडे मसल कार म्हणून बोट दाखवायला दुसरं आहे काय? मंत्री तिच्यातून उतरले, सिनेमातले खलनायक तिच्यातून उतरले, आणि भैंशाच्या बाजारातले कापसाचे व्यापारीही उतरले. साडूंचे वडील तिसऱ्या गटातले.

२००२ साली कॉन्टेसा बंद झाली. साडूंच्या वडिलांनीही त्याच सुमारास गाडी चालवणं बंद केलं आणि ती अंगणात चिंचेखाली लावली. तिथून ती हलली नाही. पण राजकारण हललं. २ जून २०१४ ला तिच्याभोवतीचं आंध्र प्रदेश राज्य जाऊन तेलंगणा आलं. ११ ऑक्टोबर २०१६ ला आदिलाबाद जिल्हाही तिच्याखालून काढून घेतला आणि निर्मल हा वेगळा जिल्हा झाला. एक वीतभरही न सरकता राज्य आणि जिल्हा दोन्ही ओलांडणारी ही भारतातली बहुधा सर्वांत कमी पेट्रोल पिणारी गाडी असेल. नंबर प्लेटवर अजून एपी ०१ आहे. साडूंना त्याचा अभिमान आहे. “राज्यं येतात जातात,” ते म्हणतात, “पत्रा टिकला पाहिजे.”

पत्रा टिकला नव्हता, अडचण तेवढीच होती.

जुन्या गाडीची बॉडी तपासायची एक सोपी रीत आहे: चुंबक फिरवायचं. लोखंड असेल तिथे चिकटतं; आधीच्या कुणी खड्डा बुजवायला लांबी भरली असेल तिथे चिकटत नाही. साडूंनी घरातलं फ्रिजवरचं चुंबक आणलं. बासरच्या सरस्वतीचं चित्र असलेलं. बॉनेटवर ठेवलं, चिकटलं. मडगार्डावर ठेवलं, चिकटलं. डाव्या बाजूच्या मागच्या दारापाशी आले, ठेवलं, आणि चुंबक देवीसकट खाली पडलं. साडूंनी ते उचलून आधी कपाळाला लावलं आणि मग दुसऱ्या ठिकाणी ठेवलं. तिथूनही पडलं. दाराच्या खालच्या अर्ध्या भागात देवी कुठेच टिकेना.

मग साडूंनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दाराखालच्या पट्टीवर टोचला. घरात नाजूकपणे वागणारा माणूस. पण तो स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला गोणपाटाचे धागे लागलेले. पूर्वी कधीतरी कुठल्याशा गॅरेजनं सडलेल्या भागात गोणपाट कोंबून वरून बोटभर जाडीची लांबी लिंपली होती आणि तिच्यावर छान रंग मारला होता. वडिलांनी त्या कामाचे पैसे मोजले होते, शिवाय कारागिराला चहाही पाजला होता.

गंजाचं एक असतं. तो बाहेरून आत जात नाही, आतून बाहेर येतो. दाराच्या काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर जावं अशी व्यवस्था असते. ती भोकं धूळ आणि चिंचेच्या पाल्यानं बुजली की पाणी तिथेच मुक्काम करतं. पुढच्या काचेच्या रबराखाली, गालिच्याखालच्या तळाच्या पत्र्यावर, बॅटरीच्या ट्रेखाली अॅसिड सांडतं तिथे, असे गंजाचे ठरलेले पत्ते आहेत. शिवाय लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. म्हणून वरचा रंग फुगतो, फोड येतात, आणि मालकाला वाटतं रंग खराब लागला. रंगाचा त्यात काही दोष नसतो.

बाहेर काम द्यायचं तर अंदाजपत्रकाचा आकडा ऐकून साडू काही काळ खाली बसून होते. त्यानंतर त्यांनी जाहीर केलं की काम घरीच होणार. आमच्या ताईंनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींनी, फक्त एक प्रश्न विचारला: “कुणाच्या घरी?”

उस्ताद त्यानंतर आले. निर्मलला घरात मराठी, दुकानात तेलुगू आणि गॅरेजात दखनी चालते. त्यामुळे साडूंचं कामाच्या दिवसांतलं बोलणं ऐकलं तर माणूस तीन राज्यांतून फिरून आल्यासारखा दमतो. उस्ताद साठी उलटलेले, गॅरेज सोडून घरी बसलेले, आणि संध्याकाळी दोन तास ‘शिकवायला’ येण्याच्या बोलीवर कबूल झालेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “सेठ, ये गाडी नहीं है. इसमें गाडी को ढूंढना पडता.”

ढुंढण्याचं हे काम मी जवळून पाहिलं. उस्ताद आधी पत्रा डोळ्यांनी बघतच नाहीत. हातावर पातळ सुती फडकं घेतात आणि डोळे मिटून तळवा पत्र्यावरून लांबच्या लांब, एकाच दाबानं फिरवतात. फडक्यामुळे घाम चिकटत नाही आणि केसाएवढा उंचवटाही हाताला लागतो. “आंख धोका देती,” म्हणाले. मग खडूनं गोल काढतात. उंच जागेला गोल, खोल जागेला फुली. दाराच्या आतून हातात जड लोखंडी ठोकळा धरायचा, त्याला डॉली म्हणतात, आणि बाहेरून हलक्या हातोडीनं ठोकायचं. जोरात एकच घाव घालायचा नाही, बारीक बारीक असंख्य. प्रत्येक घावानंतर हातोडीचा आवाज ऐकायचा. डॉली बरोबर मागे असेल तर टणक वाजतं, सरकली असेल तर पोकळ.

ठोकून ठोकून पत्रा ताणला जातो आणि बोटानं दाबला की ‘टक्’ करून आत जातो, सोडला की ‘टक्’ करून बाहेर येतो. आम्ही दोघं साडू या खेळात रमलो होतो तेव्हा उस्तादांनी बाजूला केलं. गॅसच्या ज्योतीनं त्या जागी नाण्याएवढा ठिपका लाल होईपर्यंत तापवला, कडेनं चार-सहा टकोरे मारले आणि ओलं फडकं टेकवलं. ‘छस्स’ आवाज झाला, वाफ उडाली आणि पत्रा आवळला. टकटक बंद. सासरी अनेकदा वापरता येईल अशी युक्ती वाटली, पण तिथे गॅस हाताशी नसतो.

सडलेला भाग कापून नवा पत्रा बसवायचा ठरला तेव्हा साडूंना कल्पना सुचली. गच्चीवर जुना कूलर पडला होता. निर्मलच्या उन्हाळ्यात प्रत्येक घराला एक कूलर लागतो आणि प्रत्येक गच्चीवर एक मेलेला कूलर असतो. “त्याचाच पत्रा कापू. गंजत पण नाही.” उस्तादांनी हात जोडले. कूलरच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो वेल्डिंगच्या आचेला लागला की पांढरा धूर उठतो आणि तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. “एक बार चढा था मेरे को,” उस्ताद म्हणाले, “बीबी समझी मलेरिया है.” कूलर वाचला. साधा वीस गेजचा पत्रा आणला गेला, आणि तो जोडताना टाका एकदम सलग न मारता इथे एक, तिथे एक असा मारत गेले, नाहीतर उष्णतेनं दार केळीच्या पानासारखं… पण उस्तादांनीच वाक्य अर्धं सोडलं होतं, मीही सोडतो.

ठोकाठोकीचा आवाज झाला की गावात कुणी घरात थांबत नाही. अंगणात रोज संध्याकाळी सल्लागार मंडळ भरू लागलं. गाडी कधीही न चालवलेली माणसं सर्वांत ठाम बोलत. एकानं सांगितलं, मूळ रंगच ठेवा. दुसऱ्यानं सांगितलं, काळी करा, काळ्यात मान आहे. तिसरे निवृत्त तलाठी. ते म्हणाले, आधी सातबारा बघा. ते गाडीविषयी बोलत होते की अंगणाविषयी, हे शेवटपर्यंत कळलं नाही. एका चिमुरड्यानं विचारलं, “काका, ही चालते का?” आणि मंडळात पहिल्यांदा शांतता पसरली.

या मंडळात एक गृहस्थ कधीच बोलत नसत. वयस्कर, हाताच्या नखांत कायम रंग. ते गावातले खेळण्यांचे कारागीर. ज्या दिवशी लांबी भरायचं काम निघालं त्या दिवशी ते पुढे आले.

इथे निर्मलच्या खेळण्यांविषयी सांगायला हवं, कारण त्याशिवाय त्यांचं एक वाक्य कळणार नाही. पोणिकी नावाचं एक मऊ, वजनाला अगदी हलकं लाकूड असतं. त्याचे तुकडे मंद आचेवर धरून आतला ओलावा काढतात. पोपटाचं अंग वेगळं, पंख वेगळे, असं कोरतात. मग चिंचोक्यांची खळ आणि लाकडाचा भुसा कालवून केलेल्या लगद्यानं ते जोडतात, सांधे बुजवतात, वरून लिंपून घासून एकसंध करतात. त्यावर पांढऱ्या मातीचा हात आणि मग रंग. सीताफळ, डाळिंब, मोर, हरीण, सगळे असे. दुकानात मांडलेल्या लाकडी पेरूला दात लावणारे पाहुणे अजूनही निघतात.

साडूंची लांबी म्हणजे पॉलिस्टरचा मळकट राखाडी लगदा. त्यात नळीतली लालसर पेस्ट कालवायची. ती म्हणजे हार्डनर. तो घातला की लगदा घट्ट होऊ लागतो. किती घालायचा, हे डब्यावर लिहिलेलं असतं, पण लिहिणारा माणूस थंड प्रदेशातला असावा. निर्मलच्या मे महिन्यात, चव्वेचाळीस अंशात, साडूंनी डब्यावरच्या हिशेबानं कालवलं. पातेलीतला गोळा दारापर्यंत पोहोचेपर्यंत दगड झाला, आणि तो लावायला घेतलेलं ताईंचं उलथणं त्यात कायमचं रुतलं. ताई बाहेर आल्या. उलथण्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. “आज पोळ्या हातानं उलटीन,” म्हणाल्या, “उद्या तुम्ही उलटा.” तेव्हापासून साडू हार्डनर निम्मा घालतात आणि काम पहाटे करतात.

तर कारागीर पुढे आले, वाकले, दाराच्या तळाशी जिथे अजून पत्रा जोडला नव्हता आणि साडूंनी ‘सध्या बुजवू’ म्हणून लांबी थापली होती तिथे बोट लावलं, आणि हळूच विचारलं, “आमच्या लगद्याच्या खाली लाकूड असतं. तुमच्या लगद्याच्या खाली काय आहे?”

साडूंनी ती लांबी त्याच संध्याकाळी खरवडून काढली आणि पत्रा जोडला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात मिळालेला हा सर्वांत शहाणा सल्ला. जगातल्या बहुतेक जुन्या गाड्या, जुन्या इमारती आणि काही जुने राजकीय पक्ष या एका प्रश्नाला घाबरून असतात.

मग सुरू झालं घासकाम. या कामात कला नाही, बुद्धी नाही, फक्त खांदा लागतो. आधी ऐंशी नंबरचा पेपर, मग दोनशेवीस, मग प्राइमर, मग पाणी मारत चारशेचा वॉटर पेपर, आणि पुढे चढत्या भाजणीनं. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक, आणि माणसाचा धीरही तितकाच बारीक. साडूंनी एक नियम केला: घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आधी पाणी, मग वॉटर पेपर. नांदेडहून येणाऱ्या नातेवाइकांची ये-जा एकदम कमी झाली. ताईंनी याबद्दल तक्रार केली नाही, उलट माझ्या बायकोला फोनवर सांगितलं की गाडी काही अगदीच निरुपयोगी नाही.

रंगाचा विषय निघाला तेव्हा उस्ताद म्हणाले, आजकाल सगळे दोन डब्यांचा पीयू रंग मारतात. चमक जबर, पण त्याच्या हार्डनरची वाफ फुफ्फुसाला वाईट, साधा रुमाल बांधून भागत नाही, बाहेरची हवा पुरवणारा मुखवटा पाहिजे. घराच्या अंगणात, जिथे शेजारच्या आजी वाळवणं घालतात, तिथे नको. त्यापेक्षा जुना ड्युको बरा. झटपट वाळतो, चुकला तर घासून पुन्हा मारता येतो.

आणि इथे मला निर्मलची खरी गंमत कळली. ड्युको हा मोटारीचाच रंग. १९२० च्या दशकापर्यंत अमेरिकेत गाडीला ब्रशनं थरावर थर रंग द्यायचे आणि तो वाळायला कित्येक आठवडे जायचे. कारखान्यातून गाड्या भराभर निघत आणि रंगाच्या खोलीपाशी तुंबत. १९२३ मध्ये ड्यू पॉन्ट आणि जनरल मोटर्सनं मिळून नायट्रोसेल्युलोजचा हा रंग आणला, १९२४ च्या ओकलंड गाड्या त्यात निळ्या होऊन बाहेर पडल्या, आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. हाच रंग पुढे फिरत फिरत निर्मलला पोहोचला आणि इथल्या कारागिरांनी तो लाकडावर चढवला. आज निर्मलचं खेळणं चमकतं ते मुख्यतः ड्युकोमुळे. डेट्रॉइटच्या गाड्यांसाठी शोधलेला रंग आदिलाबादच्या जंगलातल्या लाकडावर बसला, आणि गाड्यांनी मात्र कधीच दुसरा धरला. म्हणजे साडूंना हवं ते या एका गावात हमखास मिळणार होतं.

मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो. लहानसं दुकान, छोट्या छोट्या डब्या, गिऱ्हाईक सगळं खेळणीवालं. साडू म्हणाले, “अण्णा, लाल ड्युको पाहिजे.”

“पाव लिटर?”

“चार लिटर.”

दुकानदारानं हातातलं काम थांबवलं. “लाल? चार लिटर? किती पोपट करणार?” आणि थोडा विचार करून, कळवळ्यानं: “चोचीपुरताच लागतो ना लाल.”

साडूंनी गाडीसाठी आहे म्हणून सांगितलं. दुकानदारानं हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याच्या हिशेबी ड्युको लाकडावरच मारतात. गाडीला मारतात हे त्यानं कुठे ऐकलेलं दिसलं नाही. मग तेवढा लाल एका जागी नाहीच म्हणून त्यानं निरनिराळ्या डब्यांतला लाल गोळा करून दिला. एकातला चोचीचा, एकातला डाळिंबाचा. उस्तादांनी सगळे एका बादलीत ओतून ढवळले आणि जुनी ओढणी बांधून गाळले. रंग असा निघाला की त्याला नाव नाही, पण बघवत होता.

पावसाळा संपून दसरा जवळ आला. तेलंगणात दसऱ्याला गाडीची पूजा झाल्याशिवाय भागत नाही, त्यामुळे साडूंना घाई. पण दसऱ्याच्या आधी नऊ दिवस बतुकम्मा असते. तरवडाची पिवळी, कुर्डूची गुलाबी-पांढरी फुलं थराथरानं रचून निमुळता मनोरा करतात, तो मध्ये ठेवतात आणि गल्लीतल्या बायका भोवती फेर धरून टाळ्या देत गातात. गेली कित्येक वर्षं हा फेर साडूंच्याच अंगणात होतो, आणि अंगणाच्या मधोमध आता कॉन्टेसा होती, चाकं काढून ठोकळ्यांवर चढवलेली, काचांना पेपर चिकटवलेले. ती हलणार नव्हती. बायकाही हलणार नव्हत्या. शेवटी बतुकम्मा बॉनेटसमोर ठेवली गेली आणि फेर गाडीसकट धरला गेला. कुणीतरी जाता जाता प्राइमरवर हळदीकुंकवाची बोटं उमटवली. उस्तादांनी दुसऱ्या दिवशी ती चारशेच्या पेपरनं घासताना आधी “माफ करना अम्मा” म्हटलं.

रंग मारायचा दिवस उजाडला तो ढगाळ. उस्ताद म्हणाले, “आज नक्को सेठ.” साडू म्हणाले, “परवा दसरा.” कॉम्प्रेसर सुरू झाला. पहिला हात बॉनेटवर पडला, ओला लाल चकचकीत, सगळं मंडळ ‘वा’ म्हणालं, आणि बघता बघता लालावर दुधाळ पांढरट साय धरली. ड्युकोतला थिनर भराभर उडून जाताना पृष्ठभाग गार करतो. हवा दमट असली की त्या गारव्यावर बाष्प बसतं आणि रंगाच्या पापुद्र्यातच अडकतं. शंभर वर्षांपूर्वी ड्युको मारणाऱ्यांनाही हेच दुखणं होतं. साडूंना हे समजावून सांगताना उस्ताद बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होते. दसऱ्याला त्या सायीवरच झेंडूची माळ पडली, आणि बॉनेटसमोर नारळ फुटला. ऊन पडल्यावर तोच हात घासून पुन्हा मारला. या वेळी साय आली नाही, एका ठिकाणी ओघळ आला. तो मी दाखवणार नाही, साडू शोधायला लावतात आणि सापडला की रुसतात.

आता गाडी तयार आहे. दूरवरून दिसते, जवळून तर बघतच राहावी. ट्यूबलाइट तिच्या दारात सरळ रेघ होऊन उमटते, आणि उस्तादांच्या मते बॉडीकाम जमलं की नाही याची तीच एक परीक्षा. कागदपत्रांचं बघायचं आहे. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी नव्यानं करावी लागते आणि ती पुढे पाच-पाच वर्षांनी वाढते. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ असा वेगळा वर्ग केला, त्यांना नंबर प्लेटवर व्हीए ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क. पण पहिल्यावहिल्या कॉन्टेसालासुद्धा पन्नास भरायला २०३४ उजाडेल, आणि साडूंची तर त्यानंतरची. तोवर रोज पुसायची, अशी त्यांची योजना आहे.

रस्त्यावर मात्र ते तिला नेत नाहीत. खडी उडते म्हणे. बासरला दर्शनाला जायचं ठरलं तेव्हा सगळे साध्या मारुतीतून गेले. मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली तेव्हा साडूंना खरंच वाईट वाटलं होतं. “चालवून चालवून संपवली बिचारीला,” म्हणाले. त्यांच्या प्रेमाची ही दिशा मला मान्य नाही, पण ताईंना मान्य आहे, कारण गाडी बाहेर गेली तर अंगणात पुन्हा काय उभं राहील याची त्यांना खात्री नाही.

तुमच्याकडेही अशी एखादी कॉन्टेसा, पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर ताडपत्री घालून उभी असेल, तर पहिलं काम ताडपत्री काढायचं. तिच्याखाली दमट हवा कोंडते आणि पत्रा उघड्यावर सडला नसता इतका लवकर सडतो. झाडाखालून बाहेर घ्या. दाराच्या तळाची भोकं तारेनं मोकळी करा, गालिचा उचलून खालचा पत्रा बघा, आणि लांबी भरण्याआधी तिच्याखाली काय आहे ते स्वतःला विचारा. रंगाला निर्मलला यायची गरज नाही. आलात तर लाकडी पोपट घ्या, कारागिराला योग्य ते पैसे द्या, घासाघीस करू नका. कॉन्टेसा बघायला मिळेल, पण तिची किंमत विचारू नका. ती विकायची नाही, आणि विचारलंत की साडू तुम्हाला बसवून वॉटर पेपर हातात देतील. अजून डिकी राहिली आहे.